सिएटलची त्रेचाळिसावी क्रेन

शिकागो, ४ सप्टेंबर

रूटा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद फाडता येतो, पण फाडण्याआधी अक्षर बघावं लागतंच, तेवढाच माझा फायदा. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. शिवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलाय तिने. अकरा वर्षं मी त्या डब्यातून सुया मागून घेतल्या, झाकण कधी उलटं करून बघितलं नाही.

बातमी अशी की निवृत्त झाल्यावर मला नोकरी लागली. हसू नकोस. डाउनटाउनमध्ये बांधकामाचे अंदाज काढून देणारं एक ऑफिस आहे. ते लोक वर्षातून दोनदा मोठ्या शहरांतल्या टॉवर क्रेन मोजतात. कुठे किती उभ्या आहेत, मागच्या खेपेपेक्षा वाढल्या की घटल्या, घरांवर किती, ऑफिसांवर किती, इस्पितळांवर किती. आभाळात क्रेन जास्त म्हणजे शहर जोरात, असा हिशेब. गेल्या खेपेला त्यांनी एका पदवीधराला धाडलं, तर त्याने काँक्रीट ओतायचे पंपही क्रेन म्हणून मोजून आणले. मग त्यांना म्हातारा क्रेनवाला आठवला. तेहेतीस वर्षं केबिनमध्ये काढलेल्या माणसाला क्रेन ओळखायला काय लागतं?

नियम दोनच. चाकांवरची क्रेन धरायची नाही, पाय रोवून उभी असलेली टॉवर क्रेनच धरायची. आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

शिकागोचा आकडा सतरा. मी अठरा लिहिला होता. नदीच्या दक्षिणेला एक क्रेन अर्धी उतरवून ठेवलीय, तीही धरली. ऑफिसातली ग्वेन, माझी साहेबीण, वयाने तुझ्याएवढी असेल, तिने फोटो बघितला आणि विचारलं, "मिस्टर बाल्ट्रस, हिचा हात कुठाय?" मी म्हटलं, काल होता. तिने आठाचा सात केला. आपल्या गावासाठी एवढं केलं तर काय बिघडलं? ज्या गावाने जगाला उंच बांधायला शिकवलं, त्याच्या वाट्याला सतरा!

पुढे न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, डेन्व्हर, लॉस एंजेलिस आणि शेवटी तुझं सिएटल. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तुझ्या वाटेला येणार नाही, फक्त कानावर घातलं. तेव्हा तुझं नक्की काय बिनसलं, ते मला आजतागायत समजलेलं नाही. असो.

तुझा बाप, तुला मान्य असो वा नसो,
लिओ


न्यूयॉर्क, १२ सप्टेंबर

रूटा,

या गावाबद्दल मी जन्मभर वाईट बोललो, ते शब्द आज गिळतोय. तू समोर नाहीस म्हणून कबूल करतो.

काल मिडटाउनमध्ये एका गल्लीत तीन तास उभा होतो. गल्ली एवढी अरुंद की दोन ट्रक समोरासमोर आले तर एकाला मागे जावंच लागतं. खाली जागाच नाही, म्हणून क्रेन इमारतीच्या अंगालाच बांधलेली, इमारत वाढेल तशी तीही वर चढते. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला चर्च, आणि मधून तो केबिनमधला माणूस दोन टनी काच अशी वर नेतो की खालच्या हॉटडॉगवाल्याने मान वर केली नाही. आपल्या क्रेनवाल्यांना लोक म्हणायचे ना, उंटावरून शेळ्या हाकणारे! इथे उंटही दोरीवर चालतो.

आकडा बावीस. एवढ्या मोठ्या गावाला बावीस म्हणजे कमीच, पण एकेक बघण्यासारखी. ऑफिसच्या तक्त्यात "बघण्यासारखी" असा रकाना नाही. ग्वेनला म्हटलं, एक घाल. ती म्हणाली, बघू.

मी प्रत्येक क्रेनचा हुक बघतो. सवय. हुकावरून माणूस कळतो. उतावळा कोण, भित्रा कोण, घरी भांडून आलेला कोण. तुला आठवतं, स्वयंपाकघरात दोरीला पाना बांधून मी तुला शिकवायचो? खाली आईचा कॉफीचा कप. पाना झोके घेऊ लागला की तू त्याच्या मागे दोरी ओढायचीस आणि कपाला लागायचा. मी म्हणायचो, झोक्याच्या मागे धावू नकोस, तो जिथे जाणार आहे तिथे त्याच्या आधी पोच. आईचे चार कप गेले. पाचवा अजून आहे, ती त्यातच पिते.

लिओ


वॉशिंग्टन, १७ सप्टेंबर

कार्डावर जागा कमी. आकडा एकतीस, शिकागोच्या जवळजवळ दुप्पट, आणि बारा मजल्यांच्या वर एकही नाही! कायदाच आहे म्हणे. एवढ्या क्रेन आणि एवढ्या ठेंगण्या इमारती, म्हणजे घोडे रेसचे आणि गाडी दुधाची. पण काम नीटनेटकं. खाली हुकाजवळ एक बाई होती, दोन बोटांनी इशारे देत होती, तिची बोटं बघत राहावी अशी. तू खाली काम करायचीस तेव्हा तशीच द्यायचीस.

लि.


डेन्व्हर, २४ सप्टेंबर

रूटा,

इथे दोन दिवस वारा. सगळ्या क्रेन बंद, ब्रेक काढून मोकळ्या सोडलेल्या. वारा फिरला की सव्वीसच्या सव्वीस क्रेन एकदम तोंड फिरवतात. पलीकडे डोंगर. मी एका पार्किंगच्या गच्चीवर सँडविच खात बसलो होतो आणि त्या सगळ्या एका दमात वळल्या, तर घास तोंडातच राहिला. तेहेतीस वर्षं मी त्यातल्या एकीच्या आत होतो, पण लांबून हे कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. तुझी आई मला न्यायला यायची तेव्हा गाडीतून उतरून वर बघत राहायची, मला वाटायचं हिला घाई नाही म्हणून बघते.

काल तिला फोन केला. विचारलं, पत्रं पोचतात का? म्हणाली, पोचतात. वाचते का ती? म्हणाली, तूच विचार तिला. मग म्हणाली, "तिचा एक निरोप आहे. त्याला म्हणावं, शहरांची वर्णनं छान आहेत, पण तू अजून अठराच लिहितोयस."

मी फोन ठेवला. राग आला खरा. तुझा नाही. सतराचे अठरा करायची माझी खोड तू एका वाक्यात पकडलीस, त्याचा.

बरं. ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे झालं. पण खरं ते डेन्व्हरमध्ये लिहीत नाही. इथे हात थंड पडलेत. हेही कारण खोटंच आहे, पण दोन दिवस दे.

लिओ


लॉस एंजेलिस, १ ऑक्टोबर

रूटा,

आकडा अडतीस. इथलं गाव आडवं पसरलेलं, एका क्रेनपासून दुसरीकडे जायला तासभर गाडी. भूकंपाची जमीन, म्हणून प्रत्येक मजल्यात लोखंड ठासून भरतात. बघत राहावं असं काम. झालं, शहराचं वर्णन संपलं.

आता दुसरं. नोव्हेंबर, अकरा वर्षांपूर्वी, नदीकाठची बावन्न मजली. शेवटची तुळई, जी चढली की सांगाडा पुरा होतो आणि जेवणावळ बसते. पांढरा रंग दिलेली, सगळ्या कामगारांच्या सह्या केलेली, एका टोकाला झेंडा आणि दुसऱ्या टोकाला ते ख्रिसमसच्या झाडासारखं छोटं झाड बांधलेलं. खाली मालक, पाहुणे, बँड, जेवणाची टेबलं. वर केबिनमध्ये मी, आणि माझ्या मागे तू. दीड वर्ष तू माझ्या हाताखाली होतीस, वंगण घालायला आणि शिकायला.

त्या सकाळी मी दोन भार उचलले आणि दोन्ही वेळा हुक भरकटला. माझा उजवा हात थरथरायला लागला होता. उन्हाळ्यापासूनच. मी कोणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलाही नाही. बिअरच्या ग्लासला दोन्ही हात लावायचो, ती म्हणायची म्हातारा झालास.

वॉकीटॉकीवर खालून तुळई तयार म्हणून सांगितलं, तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि म्हटलं, बस. एवढंच. तू विचारलंस, "नक्की, बाबा?" मी म्हटलं, बस म्हणतो ना.

ती तुळई तू उचललीस. मी मागे उभा राहून बघितलं. तळ्यावरून वारा सुटला होता, झाड हलत होतं, पण तुळई हलली नाही. आणि जागेवर ठेवण्याआधी, बोल्ट लावणाऱ्यांच्या हातापासून एक वीतभर वर, तू ती श्वासभर थांबवलीस. मी तुला ते कधी शिकवलं नव्हतं. खालच्या माणसांना हात सावरून घ्यायला वेळ मिळावा म्हणून तू ते स्वतः शोधून काढलं होतंस. तेहेतीस वर्षांत मी एवढी सुंदर उचल केली नाही. हे वाक्य मी या क्षणापर्यंत कोणापाशी बोललेलो नाही.

मग आपण खाली उतरलो. बँड, टाळ्या. युनियनच्या मासिकाचा माणूस कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, "लिओ, काय उचल केलीस!" तू माझ्या शेजारी उभी होतीस. तू माझ्याकडे बघत होतीस, मला दिसत होतं. मी म्हटलं, "आयुष्यातली सगळ्यात चांगली."

तो फोटो अजून युनियनच्या हॉलमध्ये आहे. खाली माझं नाव.

आणि आठवड्याने कूगनने विचारलं. तेव्हा माणसांना केबिन वाटायचं काम त्याच्याकडे होतं. पोर तयार झाली का, एक क्रेन मोकळी होतेय. मी म्हटलं, अजून एक वर्ष जाऊ दे. दार उघडं होतं आणि तू बाहेर होतीस. तुला वाटलं असेल, बापाला मुलगी केबिनमध्ये नको. तेही नव्हतं गं. तयार आहे म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, कशावरून? मग मला ती तुळई सांगावी लागली असती, मग हात सांगावा लागला असता, आणि माझी खुर्ची गेली असती. माझ्या खुर्चीसाठी मी तुझी खुर्ची नाकारली. पुढे चारच महिन्यांत हाताने माझी खुर्ची घेतलीच. तोवर तू सिएटलला होतीस.

"तुझं काय बिनसलं ते मला समजलं नाही" असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. ते खोटं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ती तुळई कोणी उचलली ते मी काल मासिकाला ईमेलने लिहून पाठवलं आणि कूगनलाही. फोटोखालचं नाव बदला म्हटलं. त्याचा फोन आला, ओरडला. "अकरा वर्षांनी हात दाखवून अवलक्षण कशाला करतोस, लिओ? कोणाला पडलंय?" मी म्हटलं, मला.

तुझ्या आईला मात्र फोनवरच सांगितलं. म्हणाली, "ग्लासला दोन हात लावायचास तेव्हाच मला कळायला हवं होतं." आणि रडली. रागावली असती तर बरं झालं असतं.

बाबा


सिएटल, ९ ऑक्टोबर

रूटा,

तीन दिवस मोजतोय. इथे मान खाली घालून चालताच येत नाही. बारीक पाऊस, ढग खाली उतरलेले, आणि त्यातून क्रेनचे पिवळे हात बाहेर आलेले. एका चौकात उभा राहून जागेवरून अकरा मोजल्या. अकरा! मी कॉफीच्या दुकानातल्या मुलीला म्हटलं, हे काय चाललंय तुमच्या गावात, तर तिने विचारलं, काय? तिला दिसतच नाहीत. लहानपणापासून आहेत म्हणाली.

शिकागोचा माणूस म्हणून कबूल करायला जड जातंय, पण आज अमेरिकेत बांधावं तर इथे. न्यूयॉर्कला चतुराई आहे, लॉस एंजेलिसला ऐसपैसपणा आहे, वॉशिंग्टनला शिस्त, डेन्व्हरला वारा. इथे भूक आहे. एकेका क्रेनचा हात दुसरीच्या हाताच्या वरून जातो, कोण कधी वळणार ते वॉकीटॉकीवर ठरवतात, आणि चाळीस-चाळीस माणसं चिमटीत काडी धरावी तशी आख्खी शहरं उचलतायत. असं गाव तू निवडलंस. मला वाटायचं तू पळून गेलीस. तू तर कामाच्या दिशेने गेलीस.

आकडा बेचाळीस. ग्वेनला कळवला. तिने परमिटांच्या यादीशी पडताळून फोन केला, "एक कमी पडतेय, मिस्टर बाल्ट्रस. पाइन स्ट्रीटवरची." मी म्हटलं, दिसली नाही. ती म्हणाली, साठ मजली इमारतीवरची क्रेन दिसली नाही? शिकागोत तर नसलेली दिसली होती.

पाइन स्ट्रीटवर मी गेलोच नाही. तिथली तुझी आहे, आईने सांगितलंय. तीनही दिवस एक गल्ली आधीच वळलो. तुझ्या वाटेला येणार नाही असं लिहून दिलंय, आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय धरायची नाही हा नियम. घोडं तिथेच अडलंय.

आईने आणखी एक सांगितलं. उद्या तुझी शेवटची तुळई आहे. तिला तूच सांगितलंस. मला सांगायला सांगितलंस का, हे विचारलं तर म्हणाली, तुला काय वाटतं?

बाबा


सिएटल, १० ऑक्टोबर

रूटा,

हे मोजणीच्या कागदाच्या मागे लिहितोय, अक्षर समजून घे. हात अजून तसाच आहे. तुझा सिग्नल देणारा सिओने म्हणतो, साठ मजल्यांच्या उंचीवरून शिड्या उतरून तुला खाली यायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ हातात आहे, आणि समोर आलीस की मी पुन्हा गावांची वर्णनं करत बसेन, म्हणून आत्ताच लिहितो.

सकाळी सहाला आलो. तुळई रस्त्याकडेला लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती, पांढरी, झाड बांधून तयार. माणसं येत होती, सह्या करत होती. मी कुंपणापाशी उभा होतो. तुझा तो सिओने, दाराएवढा रुंद माणूस, त्याने विचारलं, आजोबा, हरवलात का? मी सांगितलं, ती वर बसलीय तिचा मी बाप. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "अच्छा, ते तुम्ही." म्हणजे माझी कीर्ती इथवर पोचलीय. घरच्यांनाही सही करता येते असं म्हणाला आणि पेन दिलं.

मी सही केली नाही. झाडाच्या टोकाजवळ मोकळी जागा होती, तिथे लिहिलं: "शिकागोची तुळई हिने उचलली होती. मी नाही. लिओ बाल्ट्रस."

सिओनेने वाचलं. नंतर साखळ्या लावल्या आणि तुला वॉकीटॉकीवर सांगितलं, उचल. तुळई हात-दोन हात वर गेली तेव्हा तो म्हणाला, "रूटा, झाडाजवळ एकाने काहीतरी लिहिलंय, वाचू?" आणि वाचलं.

तुळई थांबली. भर रस्त्यात, अधांतरी. असं थांबायचं नसतं, हे मीच तुला शिकवलं. पाहुण्यांना वाटलं फोटोसाठी थांबवलीय, त्यांनी फोटो काढले. किती वेळ थांबली ते माहीत नाही. मग खरखरत तुझा आवाज आला. अकरा वर्षांनी.

"त्या म्हाताऱ्याला विचार, मोजणीत मला धरलंय का."

सिओनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांग तिला, अजून नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय धरत नाही.

तू म्हणालीस, "मग मान वर करायला सांग."

केली. पाऊस थेट डोळ्यांत जात होता, तरी मिटले नाहीत. तुळई वर जाताना एकदाही हलली नाही. वर ती इवलीशी झाली, पांढरी काडी, टोकाला हिरवा ठिपका. आणि जागेवर बसण्याआधी ती थांबली, श्वासभर. एवढ्या खालून कोणाला दिसणार नाही, पण मला दिसलं. मी सिओनेला म्हटलं, बघितलंस? तो म्हणाला, "ती नेहमीच करते. आमची बोटं शाबूत आहेत ती त्यामुळेच."

सगळे जेवायला गेलेत. मी शिडीच्या तळाशी उभा आहे. सिओनेने हेल्मेट दिलंय, मोठं होतंय. आईला फोन केला, ती म्हणाली, तिला आधी बोलू दे.

तुझे बूट दिसायला लागलेत. चार टप्पे राहिलेत. कागद इथे संपतो. पुढच्या बाजूला आकड्याचा रकाना आहे, तो भरलाय: सिएटल, त्रेचाळीस. तू खाली आलीस की हा कागद तुझ्या हातात देईन. वाच, आणि बरोबर असेल तर त्याखाली सही तू कर.

बाबा